आजारपणात थकलेले हप्ते आणि सिबिलचा डाग

कर्ज बुडविणारा वेगळा आणि कर्ज फेडता फेडता आजारी पडलेला वेगळा, हे समजण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. कोणत्याही बाजारपेठेतील जुना मुनीम हा फरक सांगू शकेल. परंतु आज आपल्या देशात माणसाची पत मोजणारी जी यंत्रणा उभी आहे तिला मात्र तो कळत नाही. तिच्या वहीत हप्ता किती दिवस थकला याचा रकाना आहे. का थकला याचा रकाना नाही. या एका रिकाम्या जागेमुळे किती प्रामाणिक व्यावसायिकांचे नुकसान होत आहे, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

समजा, मालेगावातील एखाद्या यंत्रमागधारकाने घरासाठी २० लाख रुपयांचे कर्ज घेतले. व्याजदर ९ टक्के, मुदत २० वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येतो. पाच-सहा वर्षे तो एकही हप्ता चुकवीत नाही. मग एके दिवशी हृदयविकाराचा झटका येतो, शस्त्रक्रिया होते, डॉक्टर तीन महिने माग बंद ठेवावयास सांगतात. घरात जी रोकड होती ती इस्पितळात गेली. तीन हप्ते थकतात. चौथ्या महिन्यापासून तो उभा राहतो आणि पुन्हा दर महिन्याला हप्ता भरू लागतो. वर्षभराने सूत खरेदीसाठी कॅश क्रेडिट वाढवून मागावयास बँकेत जातो, तेव्हा टेबलापलीकडचा अधिकारी संगणकाकडे पाहून म्हणतो, "तुमचा सिबिल खराब आहे." धंद्याच्या खात्यात एक पैशाची खोट नाही, सूत व्यापाऱ्याची उधारी वेळेवर चुकती होते, तरीही उत्तर नकाराचेच. असा माणूस आमच्या बहुतेक वाचकांना आपल्या मोहल्ल्यातच सापडेल.

व्याजाचे घरकर्ज घ्यावे की नाही, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात येथे उभा राहील, याची आम्हास जाणीव आहे. तो विषय मोठा आहे आणि या पानावर दोन ओळींत निकाली काढण्यासारखा नाही. परंतु ज्याने कर्ज घेतले आहे आणि जो ते फेडू इच्छितो, त्यास अडचणीच्या काळात सवड मिळाली पाहिजे, याविषयी कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. तंगीत सापडलेल्या देणेकऱ्यास सवड द्यावी, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगावे लागत नाही.

ही यंत्रणा मुळात आली कशी, हे थोडक्यात पाहू. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या एन. एच. सिद्दीकी समितीच्या शिफारशीवरून २००० साली 'क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड' ही कंपनी स्थापन झाली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक तिला सिबिल म्हणू लागले. २००५ साली संसदेने पतमाहिती कंपन्यांविषयी कायदा केला. आज देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. तथापि झेरॉक्स म्हणजे छायाप्रत, तसे सिबिल म्हणजे पत, असा शब्द बाजारात रूढ झाला आहे. ३०० ते ९०० या दरम्यान गुण दिले जातात आणि गेल्या ३६ महिन्यांत कोणता हप्ता किती दिवस उशिरा आला, याचा महिनावार तक्ता अहवालात छापलेला असतो.

यंत्रणा नसावी, असे आमचे म्हणणे नाही. जेव्हा ती नव्हती तेव्हा कर्ज मिळणे शाखाधिकाऱ्याच्या ओळखीवर आणि मर्जीवर अवलंबून असे. ज्याची ओळख नाही, ज्याचे आडनाव साहेबास परके वाटते, त्याची फाईल खालीच राहत असे. गुणांच्या पद्धतीने त्या मर्जीला थोडा तरी लगाम बसला, हे मान्य करावेच लागेल. परंतु ओळखीच्या शाखाधिकाऱ्यास एक गोष्ट ठाऊक असे, जी संगणकास ठाऊक नाही. हा माणूस दोन महिने दिसला नाही तो इस्पितळात होता म्हणून, हे त्यास कळत असे.

आता आमच्या यंत्रमागधारकाकडे पुन्हा वळू. त्याच्या बाबतीत जे घडले ते नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण आजारातून उठलेली बहुतेक माणसे नेमकी याच ठिकाणी फसतात. त्यास वाटते, तीन महिने चुकले ते चुकले. आता दर महिन्याला वेळेवर भरतो आहे, म्हणजे खाते सुरळीत आहे. प्रत्यक्षात तसे नसते. बँकेत आलेला पैसा साधारणपणे सर्वांत जुन्या थकबाकीकडे आधी वळविला जातो. त्याचे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे ५ तारखेचे हप्ते थकले आहेत. ५ एप्रिलला त्याने जो हप्ता भरला तो एप्रिलचा म्हणून जमा झाला नाही, जानेवारीचा म्हणून झाला. मेचा हप्ता फेब्रुवारीच्या खात्यावर गेला. म्हणजे तो दर महिन्याला न चुकता पैसे भरतो आहे आणि तरीही बँकेच्या दफ्तरी तो सतत तीन महिने मागे आहे. अहवालातील तक्त्यात दर महिन्यासमोर ऐंशीच्या घरातील आकडा पडत राहतो. आजार तीन महिन्यांचा. पण त्याचा डाग वर्षभर, दोन वर्षे, जोवर ती तीन हप्त्यांची थकबाकी एकदम भरली जात नाही तोवर वाढत राहतो.

याहून वाईट पुढेच आहे. थकबाकीस ९० दिवसांहून अधिक काळ झाला की खाते अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या भाषेत एनपीए ठरते. महिने काही सारखे नसतात, कोणी २८ दिवसांचा तर कोणी ३१ दिवसांचा. वरील हिशेबात मार्चचा हप्ता ५ जूनला भरला जाणार; परंतु ५ मार्चपासून मोजल्यास ३ जूनलाच ९१ वा दिवस उजाडतो. म्हणजे हप्ता भरण्याच्या दोन दिवस आधी, एकही नवीन हप्ता न चुकविता, आमचा यंत्रमागधारक एनपीए होतो! केवळ दिनदर्शिकेच्या हिशेबाने. आणि रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे की, एकदा एनपीए झालेले खाते पुन्हा नियमित करावयाचे असेल तर मुद्दल आणि व्याजाची संपूर्ण थकबाकी भरली पाहिजे; थोडीफार भरून भागत नाही.

म्हणून आजारातून उठलेल्या माणसास आमचा पहिला सल्ला हाच की, बँकेतून थकबाकीचा लेखी हिशेब मागवा आणि शक्य तितक्या लवकर ती पूर्ण रक्कम भरून टाका. वरील उदाहरणात ती ५४ हजारांच्या आसपास होते, अधिक दंड. ही रक्कम भावाकडून, मेहुण्याकडून, बिनव्याजी मदत देणाऱ्या एखाद्या संस्थेकडून हातउसनी घेतली तरी चालेल. पत्नीचे दागिने मोडावयाचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण मोडावयाचेच असतील तर ते पहिल्या महिन्यात मोडण्यात अर्थ आहे, दोन वर्षांनी नाही. सावकाराच्या दारी मात्र जाऊ नये. बँकेच्या ९ टक्क्यांच्या थकबाकीसाठी महिन्याला पाच टक्क्यांचे कर्ज काढणे हा एका आजारावर दुसरा आजार ओढवून घेणे आहे.

दंडाबाबतही एक गोष्ट सांगावयास हवी. थकलेल्या हप्त्यावर दंड म्हणून जादा व्याजदर लावण्याची आणि तो मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज आकारण्याची पद्धत रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने बंद केली. नवीन कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून आणि जुन्या कर्जांना उशिरात उशिरा ३० जून २०२४ पर्यंत हा नियम लागू झाला. दंड आकारता येतो, पण तो वाजवी असावा आणि त्यावर व्याज चढू नये. खातेउतारा हाती आला की ही रक्कम कशी लावली आहे, ते एकदा पाहून घ्यावे. विचारले नाही तर कोणी सांगत नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे.

परंतु केवळ कर्जदारास सल्ले देऊन हा विषय संपत नाही. मूळ दोष नियमात आहे आणि त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे.

आजारी कर्जदार बँकेत जाऊन म्हणतो, "सहा महिने सवड द्या, मुदत वाढवून द्या, मी सर्व फेडीन." शाखाधिकारी मान हलवितो. तो निर्दय असतो असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या ७ जून २०१९ च्या चौकटीप्रमाणे आर्थिक अडचणीत सापडलेल्या कर्जदारास बँकेने अशी सवलत दिली की ते कर्जाचे पुनर्गठन ठरते, आणि पुनर्गठन झालेले चांगले खाते तत्काळ खालच्या दर्जात, म्हणजे एनपीएत टाकावे लागते. बँकेस त्यासाठी तरतूद करावी लागते आणि अधिकाऱ्यास वर उत्तर द्यावे लागते. म्हणजे सवड दिली तरी डाग, न दिली तरी डाग. अशा स्थितीत कोणता अधिकारी सही करील?

मोठ्या कारखानदारांनी पुनर्गठनाच्या नावाखाली वर्षानुवर्षे बुडीत कर्जे झाकून ठेवली, म्हणून हा नियम कडक करण्यात आला, हे आम्ही जाणतो. त्या कारखानदारांसाठी तो योग्यच होता. परंतु तोच नियम शस्त्रक्रिया झालेल्या यंत्रमागधारकाच्या, किमोथेरपी घेणाऱ्या शिक्षिकेच्या, डायलिसिसवर असलेल्या रिक्षाचालकाच्या घरकर्जास जसाच्या तसा लावणे ही कोणती नीती?

याच रिझर्व्ह बँकेने अपवाद केलेले आहेत, हे विशेष. शेतकऱ्याचे पीक बुडाले, आणेवारी कमी लागली, शासनाने आपत्ती जाहीर केली, की बँका पीककर्जाचे पुनर्गठन करतात आणि ते खाते एनपीए मानले जात नाही. २०१५ साली तर पिकाच्या नुकसानीची अट ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आणून ही सवलत अधिक सोपी करण्यात आली. त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही, करूही नये. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीत पूर आला, तेव्हा पुरात बुडालेल्या माणसास कोणी "तुमची शिस्त कमी पडली" असे म्हटले नाही.

नंतर २०२० साली करोनाची साथ आली. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना तीन महिन्यांची स्थगिती दिली, पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढविली, आणि या काळातील न भरलेल्या हप्त्यांची वाईट नोंद पतमाहिती कंपन्यांकडे जाणार नाही, असे सांगितले. ५ मे २०२१ रोजी दुसऱ्या लाटेत व्यक्तिगत कर्जदारांसाठी पुनर्गठनाची योजना पुन्हा आणली, तीही खात्याचा दर्जा न घसरविता. स्थगितीच्या काळातील व्याजावर व्याज घेऊ नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२१ रोजी दिला. देशातील बँका या सवलतींनी बुडाल्या काय? नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी फारशी बोलली जात नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. घरकर्जाचे व्याज वाढले. असंख्य कर्जदारांचा हप्ता तसाच ठेवून बँकांनी मुदत वाढविली. कोणाची पाच वर्षांनी वाढली, कोणाची त्याहून अधिक. अनेकांना तर ते पत्रही वाचावयास मिळाले नाही. त्या मुदतवाढीने कोणाच्या सिबिलवर ओरखडा आला नाही. म्हणजे व्याज वाढले म्हणून बँकेने स्वतःहून मुदत वाढविली तर ती सोय. आणि काळीज उघडून शस्त्रक्रिया झाली म्हणून कर्जदाराने सहा महिने मागितले तर ती थकबाकी! यातील न्याय आम्हास तरी समजलेला नाही.

साथ सर्वांच्या घरी आली तर ती आपत्ती, आणि तोच आजार एकाच्याच घरी आला तर ती त्याची बेशिस्त, असा हा हिशेब आहे. पूर एका गावास बुडवितो, कर्करोग एका घरास. बुडणाऱ्यास त्यात फरक नाही.

आमची मागणी मोठी नाही. गंभीर आजार अथवा अपघात झालेल्या घरकर्जदारास कर्जाच्या संपूर्ण मुदतीत एकदा, सहा महिन्यांपर्यंत हप्त्यांची सवड मिळावी. त्या काळाचे व्याज बँकेने घ्यावे, ते सोडून द्या असे आम्ही म्हणत नाही. पण खात्याचा दर्जा घसरू नये आणि पतअहवालात थकीत दिवसांचा आकडा पडू नये. ज्यांचे हप्ते आधीच थकून गेले आहेत त्यांच्या अहवालात निदान कारणाची एक ओळ नोंदविण्याची सोय असावी. अमेरिकेत १९७० च्या पतअहवाल कायद्यान्वये, नोंदीविषयीचा वाद मिटला नाही तर ग्राहकास आपली बाजू सांगणारे छोटे निवेदन, साधारण शंभर शब्दांचे, अहवालास जोडता येते. ते निवेदन वाचून कर्ज मिळेलच असे नाही. पण आकड्यामागे माणूस आहे, एवढे तरी दिसते. आपल्याकडे नोंदीविषयी वाद चालू आहे, एवढे दाखविता येते. नोंद खरीच असेल आणि कारण आजार असेल, तर ते लिहावयास जागा नाही.

लोक खोटी प्रमाणपत्रे आणतील, असा आक्षेप घेतला जाईल. काही जण आणतीलही. परंतु आज इस्पितळाची कागदपत्रे, विम्याचे दावे, शासनाच्या आरोग्य योजनेतील मंजुरी, या सर्वांची नोंद असते. विमा कंपन्या दररोज अशा कागदांची तपासणी करीतच असतात. आणि घर तर बँकेकडे गहाणच असते. सहा महिन्यांत ते पळून जात नाही. आणेवारी लावतानाही गडबडी होतात म्हणून कोणी शेतकऱ्याची सवलत बंद करा म्हणत नाही.

हे नियम बदलतील तेव्हा बदलतील. तोवर वाचकांनी स्वतःचे हित कसे पाहावे, याविषयी काही गोष्टी सांगणे आम्हास आवश्यक वाटते.

आजार लांबणार असे दिसताच, पहिला हप्ता चुकण्याच्या आधी, बँकेस लेखी पत्र द्यावे. आजारी माणूस हे करू शकत नाही. ते काम मुलाने, भावाने, शेजाऱ्याने करावे. इस्पितळात दाखल झाल्याची तारीख, डॉक्टरांचा दाखला, किती महिने काम बंद राहील याचा अंदाज, आणि आपण काय मागता हे स्पष्ट लिहावे. पत्राच्या प्रतीवर बँकेचा शिक्का आणि तारीख घ्यावी. तोंडी सांगितलेले साहेबांच्या बदलीबरोबर जाते. बँक सवड देईल न देईल, पण पुढे तक्रार करण्याची वेळ आली तर हा शिक्का मारलेला कागदच बोलतो.

कर्ज घेताना सह्या केलेली फाईल त्याच दिवशी उघडून पाहावी. घरकर्जासोबत विमा पॉलिसी देण्याची अनेक ठिकाणी प्रथा आहे. तिचा हप्ता कर्जातूनच कापलेला असतो आणि घरातील कोणाच्या ते लक्षातही नसते. काही पॉलिसींत गंभीर आजारासाठी रक्कम मिळते. ज्या विम्यास पैसे भरले तो मागावयाचाच राहून गेला, असे होऊ नये.

वसुलीवाल्यांचे फोन येऊ लागले तर घाबरून जाऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही, शिवीगाळ व धमकी तर नाहीच. आणि २००२ च्या सरफेसी कायद्याची नोटीस आली तर ती घडी घालून कपाटात ठेवू नये. ६० दिवसांची मुदत असते; त्या मुदतीत लेखी हरकत दिल्यास बँकेस १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. ताबा घेण्याची कारवाई झालीच, तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. येथे वकील गाठावा. मोहल्ल्यातील जाणत्या मंडळींच्या सल्ल्यावर थांबू नये.

थकबाकी भरली की पतअहवाल मागवावा. चारही कंपन्यांनी प्रत्येक माणसास वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यावा, असा नियम २०१७ पासून आहे. तो चारही ठिकाणांहून मागवावा, कारण एका ठिकाणी दुरुस्त झालेली चूक दुसरीकडे तशीच राहिलेली असू शकते. तक्त्यातील प्रत्येक महिना आपल्या खातेउताऱ्याशी ताडून पाहावा. भरलेला हप्ता थकीत दाखविला असेल, थकबाकी चुकती होऊनही शिल्लक दिसत असेल, तर बँकेकडे अथवा पतमाहिती कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत तिचा निकाल लागला पाहिजे. न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २६ ऑक्टोबर २०२३ चा आदेश आहे आणि तो एप्रिल २०२४ पासून अमलात आला. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. लोकपालाकडे तक्रार करण्यास पैसे लागत नाहीत.

पैसे लागतात ते दुसऱ्या ठिकाणी. "सिबिल साफ करून देतो" अशा पाट्या आजकाल झेरॉक्सच्या दुकानाशेजारी दिसू लागल्या आहेत. दहा-पंधरा हजार रुपये घेऊन गुण वाढवून देण्याचे वचन देणाऱ्या या लोकांपासून सावध राहावे. खरी नोंद कोणीही पुसू शकत नाही. चुकीची नोंद दुरुस्त करावयास दलाल लागत नाही. आधार, पॅन आणि मोबाइलवर आलेला गुप्त क्रमांक अशा माणसाच्या हाती देणे म्हणजे घराची किल्लीच देणे होय.

'सेटलमेंट'च्या मोहातही पडू नये. थकलेल्या रकमेत सूट देऊन खाते मिटवू, असे बँक म्हणते तेव्हा हायसे वाटते. परंतु अहवालात ते खाते 'पूर्ण फेडले' असे न दिसता 'सेटल्ड' असे दिसते, आणि पुढच्या बँकेस त्याचा अर्थ एकच कळतो: या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. ज्यास दुसरा मार्गच उरलेला नाही त्याची गोष्ट वेगळी. ज्यास थोडा उशीर करून का होईना पूर्ण फेडता येते, त्याने पूर्ण फेडावे आणि काही बाकी नसल्याचा दाखला हातात घ्यावा.

त्यानंतर राहतो तो काळ. तक्ता ३६ महिन्यांचा असतो; नवा महिना आला की जुना मागे सरकतो. थकबाकी पूर्ण भरून पुढचे हप्ते वेळेवर गेले तर वाईट महिने तीन वर्षांत त्या तक्त्यातून बाहेर पडतात आणि गुण त्याआधीच सावरू लागतात. गुण वाढावेत म्हणून नवे क्रेडिट कार्ड घ्या, लहानसे कर्ज काढून फेडा, असा सल्ला सर्रास दिला जातो. ज्या वाचकांना व्याजाचे नवे देणे अंगावर घ्यावयाचे नाही त्यांना आम्ही सांगू की, चालू घरकर्जाचा नियमित हप्ता हाच यासाठी पुरेसा आहे. केवळ गुणांसाठी कर्ज काढण्याची गरज नाही. मात्र या काळात पाच बँकांत पाच अर्ज टाकू नयेत. प्रत्येक अर्जागणिक अहवाल तपासला जातो, त्याचीही नोंद होते, आणि माणूस पैशासाठी वणवण करतो आहे असे चित्र उभे राहते.

धंद्यासाठी कर्ज मागावयाचेच असेल तर जेथे वर्षानुवर्षे खाते आहे अशा एकाच बँकेत जावे. अर्जासोबत एक पानी निवेदन, इस्पितळातून घरी सोडल्याचे कार्ड, थकबाकी भरल्याची पावती आणि त्यानंतरचे बारा महिन्यांचे उतारे जोडावेत. अमुक गुणांखाली कर्ज देऊ नये, असा कोणताही किमान आकडा रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेला नाही. तो प्रत्येक बँकेचा आपापला निर्णय असतो. "वरून नियम आहे" असे सांगण्यात आले तर तो नियम लेखी मागावा.

घरातील दुसऱ्या माणसाचा विचार बहुधा कोणी करीत नाही. कर्जावर पत्नीचे नाव सहकर्जदार म्हणून असते, मेहुणा जामीनदार असतो. हप्ता थकला की डाग त्यांच्याही अहवालावर पडतो. ज्या बाईने तीन महिने इस्पितळाच्या बाकावर काढले तिला पुढे शिवणयंत्रासाठी अथवा बचत गटाच्या उद्योगासाठी कर्ज मागताना हेच उत्तर ऐकावे लागते. म्हणून बँकेस पत्र देताना सर्वांची नावे द्यावीत, आणि अहवाल मागवाल तेव्हा त्यांचेही मागवावेत. जामीनदारास आजाराची खबर आपणच आधी द्यावी. ती बँकेच्या नोटिशीने मिळाली तर नातेही जाते.

आमच्या व्यापारी व यंत्रमागधारकांच्या संघटनांनाही आम्हास काही सांगावयाचे आहे. वीजदर वाढले की निवेदन जाते, जीएसटीचा दर बदलला की मोर्चा निघतो, सुताचे भाव चढले की मंत्र्यांची भेट घेतली जाते. रिझर्व्ह बँक आपल्या अनेक नियमांचे मसुदे आधी प्रसिद्ध करून लोकांच्या सूचना मागविते. कर्जांच्या पुनर्गठनाविषयीचे, पतमाहितीविषयीचे मसुदेही असेच येतात आणि मुदत संपली की कायम होतात. त्यांवर मोठ्या बँकांची, वित्तकंपन्यांची, सल्लागारांची उत्तरे वेळेवर पोचतात. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीहून या विषयावर एखादे तरी पत्र जावे. आपल्या सभासदांपैकी आजारपणात ज्यांचे हप्ते थकले आणि नंतर ज्यांनी पूर्ण फेडले, अशांची नावे वगळून माहिती गोळा केली तर तेवढाच कागद पुरेसा बोलका होईल. पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हा एक विषय घालावयास काही खर्च येत नाही.